सिंहस्थाची गर्दी तुमच्या वेबसाइटवर उतरली तर? डेटाबेस कनेक्शन पूलिंग, आपल्या धंद्याच्या भाषेत



नाशिकमध्ये धंदा करणारा किंवा करू पाहणारा प्रत्येक जण एक हिशोब मांडून बसलाय. सिंहस्थाचा. जाहीर कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला, त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. कुणी पंचवटीत वरच्या मजल्यावर होमस्टे काढतंय, कुणी टेम्पो ट्रॅव्हलर बुक करतंय, कुणी पूजा साहित्य, मनुके, चिवड्याचे बॉक्स ऑनलाइन विकायच्या तयारीत आहे. वेबसाइट बनवून झाली, पेमेंट गेटवे जोडून झाला, लोगोसुद्धा तीनदा बदलून झाला.

पण एक प्रश्न फार कमी जण विचारतात. एकाच मिनिटात हजार माणसं आली, तर ही वेबसाइट उभी राहील का?

रोज ४०-५० लोक येतात तेव्हा कुठलीही वेबसाइट चालते. खरी परीक्षा असते ती तुमची रील अचानक चालते त्या रात्री, किंवा स्नानाच्या तारखांचं बुकिंग उघडलं असा मेसेज तुम्ही पाच हजार लोकांना टाकता त्या सकाळी. वर्षभराची कमाई अशा पंधरा-वीस मिनिटांत असते. आणि नेमक्या त्याच वेळी पांढऱ्या पानावर एक ओळ येते, डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही. गिऱ्हाईक दोनदा रिफ्रेश करतो आणि तिसऱ्यांदा शेजारच्या होमस्टेच्या साइटवर जातो. त्याहून वाईट म्हणजे त्याचे पैसे कापले जातात, पण तुमच्याकडे बुकिंगची नोंदच नसते. मग सुरू होते फोनाफोनी, रिफंड आणि गूगलवर एक-एक तारा.

यावरचा एक उपाय आज समजून घेऊ. त्याचं नाव कनेक्शन पूलिंग. घाबरू नका, कोडची एक ओळही लिहायची नाहीये. पण मालक म्हणून आपल्याला हे कळलंच पाहिजे, कारण ते कळत नसेल तर डेव्हलपर म्हणेल "सर, सर्व्हर वाढवावा लागेल", आणि आपण मान हलवून बिल भरू.

सरासरी नव्हे, शिखर बघा

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. १६ जुलै २०२१. दहावीचा निकाल. कोरोनामुळे परीक्षा झाल्या नव्हत्या, निकाल मूल्यमापनावर लागणार होता. दुपारी १ वाजता निकाल ऑनलाइन लागला आणि सुमारे १६ लाख विद्यार्थी, त्यांचे आई-बाबा, मामा, काका सगळे एकदमच साइटवर गेले. साइट कित्येक तास उघडत नव्हती. आदल्या दिवशी त्याच साइटवर शुकशुकाट होता आणि आठवड्यानंतरही असणार होता. गर्दी होती ती त्या एका वेळेपुरती.

यातून आपण काय शिकायचं? "महिन्याला अमुक हजार लोक येतात" हा आकडा मिरवायला ठीक, तयारीला निरुपयोगी. तयारीसाठी लागतो तो "सर्वांत गर्दीच्या एका सेकंदात किती विनंत्या येतील" हा आकडा. दुकानाचं शटर किती रुंद ठेवायचं हे वर्षाच्या सरासरीवर ठरत नाही, धनत्रयोदशीच्या संध्याकाळवर ठरतं.

कनेक्शन म्हणजे काय? रविवारची मिसळ आठवा

रविवारी सकाळी नाशिकमध्ये मिसळ खायला गेलात तर काय दिसतं? बाहेर गर्दी, आत टेबलं भरलेली आणि मागे भटारखाना. भटारखान्यात दोन-तीन आचारी. मध्ये धावणारे वेटर.

तुमच्या वेबसाइटचंही असंच असतं. बाहेरची गर्दी म्हणजे गिऱ्हाइकं. भटारखाना म्हणजे डेटाबेस. खोली रिकामी आहे का, दर काय, ऑर्डर कुणाची, हे सगळं तिथे ठेवलेलं असतं. आणि गिऱ्हाइकाची मागणी आत नेऊन उत्तर बाहेर आणणारा वेटर म्हणजे कनेक्शन.

आता अशा हॉटेलाची कल्पना करा, जिथे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा वेटर नेमला जातो. त्याचं ओळखपत्र बघा, नाव नोंदवा, गणवेश द्या, भटारखाना कुठे आहे ते दाखवा. मग त्याने एक प्लेट आणायची आणि लगेच त्याला घरी पाठवायचं. पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा नवा वेटर. वेड लागेल ना?

पूलिंग नसलेली वेबसाइट अगदी असंच वागते. प्रत्येक विनंतीला डेटाबेसशी नवा संपर्क जोडायचा, यूजरनेम-पासवर्ड तपासायचा, सुरक्षित जोडणी असेल तर तिची बोलणी करायची, डेटाबेसने त्या पाहुण्यासाठी मेमरी बाजूला काढायची, एक छोटासा प्रश्न विचारायचा आणि संपर्क तोडायचा. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये तर प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस उभी राहते. मायएसक्यूएल प्रत्येकासाठी एक थ्रेड वापरतो. तुलनेने हलका, पण फुकट तोही नाही. कधी कधी प्रश्नाचं उत्तर द्यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ ओळखपाळख करण्यात जातो.

दुसरी गोष्ट. भटारखान्यात जागा मोजकीच असते. मायएसक्यूएल बसवल्यावर मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १५१ कनेक्शन्सची मर्यादा असते, पोस्टग्रेसमध्ये १००. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेतलं असेल तर तुमच्या खात्याला मिळणारा वाटा यापेक्षाही कमी असू शकतो. मर्यादा संपली की पुढच्या माणसाला डेटाबेस सरळ दारातून परत पाठवतो. लॉगमध्ये "टू मेनी कनेक्शन्स" असं दिसतं, वर्डप्रेसवाल्यांना डेटाबेस कनेक्शन जुळत नसल्याचं ते कुप्रसिद्ध पान दिसतं. डेव्हलपर या एररबद्दल बोलायला लागला तर समजा, गाडी इथे अडकली आहे.

मग पूल काय करतो?

पूल म्हणजे कायमस्वरूपी नेमलेले, गणवेश घालून तयार उभे असलेले ठराविक वेटर. समजा १०. गिऱ्हाईक आलं की मोकळा वेटर मागणी घेऊन आत जातो, उत्तर आणतो आणि लगेच पुढच्यासाठी मोकळा होतो. दहाच्या दहा कामात असतील तर अकराव्या गिऱ्हाइकाने क्षणभर थांबायचं. पण थांबायचं बाहेर, भटारखान्यात घुसायचं नाही.

फायदे दोन. नेमणुकीचा वेळ वाचतो, हा पहिला. दुसरा फायदा जास्त मोठा आहे. भटारखान्यात एका वेळी किती जण शिरतील यावर तुमचा ताबा राहतो. बाहेर हजार माणसं असोत की दहा हजार, आचाऱ्यासमोर दहाच जण उभे. तो शांतपणे आणि वेगाने काम करतो.

किती वेटर लागतील? चला, गणित करू

इथे बरेच जण म्हणतात, "सर, दहा कशाला? पाचशे ठेवू ना!" थांबा. आधी आकडे बघू.

समजा तुमचा होमस्टे बुकिंगचा धंदा आहे. मेसेज पाच हजार लोकांना गेला. त्यातल्या १,५०० जणांनी पहिल्या एका मिनिटात लिंक उघडली आणि प्रत्येकाने सरासरी ४ वेळा काहीतरी दाबलं. म्हणजे मिनिटाला ६,००० विनंत्या. भागिले ६०, म्हणजे सेकंदाला १००.

आता प्रत्येक विनंती डेटाबेसचं कनेक्शन किती वेळ अडवून धरते? समजा ४० मिलिसेकंद, म्हणजे ०.०४ सेकंद. गुणाकार करा: १०० × ०.०४ = ४. म्हणजे ऐन गर्दीत, सरासरीने, फक्त ४ कनेक्शन्स कामात असतील! दहाचा पूल असेल तर चढ-उतारासह काम आरामात होतं.

हा नियम माझा नाही. एमआयटीचे प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली तो गणिताने सिद्ध केला. बँकेची रांग, टोलनाका, रेशन दुकान, सगळीकडे तो लागू पडतो. आत असलेली माणसं = येण्याचा वेग × प्रत्येकाला लागणारा वेळ. हे वहीत लिहून ठेवा. धंद्यातही कामाला येतं.

मग पाचशे का नाहीत? कारण आचारी तेवढेच आहेत. डेटाबेसच्या सर्व्हरला ४ कोअर असतील तर एका क्षणी खरं काम चार-पाचच जागी चालू शकतं. बाकीचे ४९५ नुसते गर्दी करतात, मेमरी खातात आणि एकमेकांच्या पायात येतात. सर्व्हरचा वेळ "आता कुणाचं करू" हे ठरवण्यातच जातो. जावामध्ये खूप वापरला जाणारा हिकारी नावाचा पूल आहे. त्याच्या माहितीपत्रात सुरुवातीचा अंदाज म्हणून एक सूत्र दिलं आहे: कोअरची संख्या गुणिले २, अधिक डिस्कची संख्या. ४ कोअर आणि १ डिस्क असेल तर साधारण ९. त्याच पूलचं मूळ सेटिंगही १० कनेक्शन्सचं आहे. इथून सुरुवात करायची आणि चाचणी घेऊन कमी-जास्त करायचं. लहान पूल अनेकदा मोठ्या पूलपेक्षा वेगाने काम उरकतो. ऐकायला उलटं वाटतं, पण मिसळवाल्याला विचारा, भटारखान्यात पंधरा माणसं कोंबली की तर्रीसुद्धा वेळेवर येत नाही.

खरा चोर: पेमेंटच्या वेळी अडकलेला वेटर

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हा एक समजला तरी आजचं वाचन वसूल.

बऱ्याच छोट्या साइट्समध्ये बुकिंगचा कोड असा लिहिलेला असतो: डेटाबेसचं कनेक्शन घे, खोली रिकामी आहे का बघ, मग पेमेंट गेटवेला विचार, त्याचं उत्तर येईपर्यंत थांब, उत्तर आलं की नोंद कर, मग कनेक्शन सोड. वाचायला बरोबर वाटतं ना? पण गेटवेचं उत्तर यायला गर्दीत २ सेकंद लागले, तर तेवढा वेळ तो वेटर काहीही न करता गल्ल्यापाशी उभा. गिऱ्हाईक पाकीट शोधतंय आणि हा ताट धरून थांबलाय.

पुन्हा गणित. सेकंदाला १०० विनंत्या, त्यातल्या फक्त ५ बुकिंगच्या. ५ × २ सेकंद = १० कनेक्शन्स. तुमचा अख्खा पूल फक्त पाच टक्के लोकांनी अडवला! उरलेल्या ९५ जणांना नुसते फोटो आणि दर बघायचे होते, त्यांनाही जवळपास ४ कनेक्शन्स हवी होती. एकूण गरज १४ ची आणि आहेत १०. रांग दर सेकंदाला लांबत जाते आणि दोन-तीन मिनिटांत साइट "पडली". सर्व्हर मात्र निवांत बसलेला असतो. सीपीयू बघा, वीस टक्क्यांवर सुद्धा नसेल. मोठा सर्व्हर घेऊन इथे काहीही फरक पडत नाही, कारण अडचण ताकदीची नाहीच, अडवून धरण्याची आहे.

उपाय काय? काम तीन तुकड्यांत करायचं.

एक: कनेक्शन घ्या, खोली दहा मिनिटांसाठी तात्पुरती राखून ठेवा, ऑर्डर "पेमेंट बाकी" म्हणून नोंदवा आणि कनेक्शन लगेच परत करा. हे काम काही मिलिसेकंदांचं.

दोन: आता गेटवेशी बोला. या वेळी हातात डेटाबेसचं कनेक्शन नाही. दोन सेकंद लागोत की वीस, बाकीचं दुकान चालू आहे.

तीन: उत्तर आलं की पुन्हा कनेक्शन घ्या, ऑर्डर पक्की करा, सोडा. दहा मिनिटांत पैसे आलेच नाहीत तर खोली पुन्हा विक्रीला खुली.

याचा बोनस फायदा बघा. पैसे कापल्यावर गिऱ्हाइकाचा फोन बंद पडला, तरी "पेमेंट बाकी" ही नोंद तुमच्याकडे आहेच. गेटवे तुमच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे जो निरोप पाठवतो, ज्याला वेबहूक म्हणतात, त्यावरून ती ऑर्डर पक्की होते. फक्त एक काळजी घ्या. तोच निरोप दोनदा येऊ शकतो. दोनदा आला तरी बुकिंग एकच झालं पाहिजे.

रांग लावा, पण रांगेला शेवट ठेवा

नाशिककरांना गर्दीचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३०हून अधिक भाविकांचा जीव गेला. त्या दुःखाची बरोबरी कुठल्या वेबसाइटशी होऊ शकत नाही. पण त्यातला धडा गर्दी सांभाळणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. घाटाची जागा वाढवता येत नसेल, तर गर्दी घाटापाशी नाही, खूप आधी थांबवावी लागते आणि टप्प्याटप्प्याने पुढे सोडावी लागते.

आणि थांबवायची कधी, हे कळायला मोजावं लागतं. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने "आशिओटो" नावाची सेन्सर बसवलेली चटई वापरून बघितली होती. माणसं तिच्यावरून चालली की किती जण पुढे गेले याची मोजदाद होत असे. एमआयटीतले नाशिककर रमेश रासकर यांच्या पुढाकाराने झालेल्या कुंभथॉन उपक्रमातून हे काम पुढे आलं. आधी मोज, मग सोड. तुमच्या साइटलाही हेच लागतं.

पूलमध्ये याला टाइमआउट म्हणतात. मोकळं कनेक्शन मिळेपर्यंत विनंतीने किती वेळ थांबायचं? हिकारीचं मूळ सेटिंग आहे ३० सेकंद. नोड आणि पोस्टग्रेस एकत्र वापरणाऱ्यांचा जो नेहमीचा पूल आहे, त्यात मूळ सेटिंगनुसार मर्यादाच नाही, विनंती थांबूनच राहते. आता सांगा, मोबाइलवर गोल फिरणारं चक्र बघत ३० सेकंद कोण थांबतं? माणूस पाचव्या सेकंदाला रिफ्रेश करतो. जुनी विनंती आत रांगेत तशीच, वर नवी आली. गर्दी खोटीखोटीच दुप्पट झाली.

म्हणून टाइमआउट ३ ते ५ सेकंदांच्या आसपास ठेवून बघा, आणि तो संपला की कोरं पान नको, माणसासारखा मराठी संदेश द्या: "आत्ता खूप गर्दी आहे. एक मिनिटाने पुन्हा प्रयत्न करा, किंवा नंबर सोडा, आम्ही फोन करतो." नंबर घेणारा फॉर्म डेटाबेसवर अवलंबून नसलेल्या वेगळ्या जागी ठेवा, म्हणजे पडझडीतही गिऱ्हाईक हातचं जात नाही.

मोठे लोकही हेच करतात. २२ सप्टेंबर २०२४ ला कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बुक-माय-शोवर खुली झाली, तेव्हा लोकांना रांगेतला लाखांमधला नंबर स्क्रीनवर दिसत होता. लोक चिडले, पण आपण कुठे आहोत हे त्यांना कळत होतं. आपल्याला एवढा डोलारा नको, पण तत्त्व तेच.

तुमच्या साइटला काय लागू पडतं?

तयार प्लॅटफॉर्मवर दुकान असेल, म्हणजे महिन्याचं भाडं भरून मिळणारं ऑनलाइन स्टोअर, तर डेटाबेस तुमच्या हातात नसतोच. पूलिंग त्यांची डोकेदुखी. सुरुवात करणाऱ्यांसाठी हा वाईट पर्याय नाही. फक्त एकदम येणाऱ्या गर्दीबद्दल त्यांच्या अटी वाचा.

वर्डप्रेस किंवा पीएचपी असेल तर प्रत्येक विनंती साधारणपणे स्वतःचं कनेक्शन उघडते आणि काम संपल्यावर बंद करते. इथे दोन गोष्टी करा. पहिली, कॅशिंग. मुख्यपान, फोटो, दर ही पानं तयार करून ठेवली की बहुतांश लोक डेटाबेसपर्यंत पोचतच नाहीत. मिसळवाला फरसाण सकाळीच काढून ठेवतो ना, तसं. दुसरी, एका वेळी किती पीएचपी कामगार चालतील ही मर्यादा डेटाबेसच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा. तोच तुमचा पूल. पुढे वाढ झाली तर मध्ये प्रॉक्सी-एसक्यूएलसारखा मध्यस्थ बसवता येतो.

नोड, जावा, पायथन असेल तर पूल बहुधा आधीच हाताशी असतो, फक्त नीट सेट केलेला नसतो. पायथनच्या जँगोमध्ये पोस्टग्रेससाठी स्वतःचा पूल ५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून मिळतो.

इथे एक सापळा आहे, नीट वाचा. पूल प्रत्येक चालू ॲपचा वेगळा असतो. ॲपच्या ४ प्रती चालू आहेत, प्रत्येकाचा पूल २० चा, म्हणजे एकूण ८०. पोस्टग्रेसची मर्यादा १००. सगळं छान. आता स्नानाच्या बुकिंगच्या दिवशी डेव्हलपर म्हणतो, "सर, आज गर्दी आहे, ८ प्रती चालू करतो." ८ × २० = १६०. मर्यादा ओलांडली! तयारी वाढवली म्हणूनच साइट पडली. ज्यांचं ॲप गर्दीनुसार आपोआप प्रती वाढवणाऱ्या सर्व्हरलेस पद्धतीवर आहे, त्यांना हा धोका सगळ्यात जास्त.

तिथे सगळ्यांसाठी मिळून एक सामाईक पूल बसवतात. पोस्टग्रेससाठी पीजीबाउन्सर हे मोफत, ओपन सोर्स साधन आहे. त्याचा जन्म स्काइप कंपनीत झाला आणि २००७ पासून ते वापरात आहे. त्याच्या "ट्रान्झॅक्शन" पद्धतीत काम संपताच वेटर दुसऱ्याला मिळतो, त्यामुळे शेकडो ग्राहक मोजक्या कनेक्शन्सवर चालतात. पण कोड एकाच कनेक्शनवर काही लक्षात ठेवून पुढच्या कामात वापरत असेल, तर या पद्धतीत गडबड होते. आणि बाहेरून किती जणांना घ्यायचं याची पीजीबाउन्सरची स्वतःची मूळ मर्यादाही १०० च आहे, ती वाढवायला विसरू नका. अमेझॉनच्या क्लाउडवर हेच काम आरडीएस प्रॉक्सी करते, तिचं भाडं मात्र वेगळं.

पूलिंग काय करत नाही

खरं सांगायचं तर हे काही जादूचं चूर्ण नाही. एखादा प्रश्नच डेटाबेसला ३ सेकंद दमवत असेल, तर पूल फक्त रांग व्यवस्थित लावेल, काम वेगाने होणार नाही. तारखेवरून खोली शोधताना दरवेळी सगळी नोंदवही पहिल्या पानापासून चाळली जात असेल, तर आधी इंडेक्स लावा. ३ सेकंदांचं काम ३० मिलिसेकंदांवर आलं, तर त्याच दहा कनेक्शन्सवर शंभरपट गिऱ्हाइकं निघतील. लिटलचं सूत्र आठवा, "प्रत्येकाला लागणारा वेळ" कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

तसंच एक खोली दोघांना विकली जाण्याचा प्रश्न पूलिंगने सुटत नाही. त्यासाठी डेटाबेसमध्येच नियम हवा, की एका खोलीला एका रात्री एकच पक्की नोंद.

आणि गळती! कोडने कनेक्शन घेतलं, मध्येच एरर आली आणि परत करायचं राहून गेलं, तर तो वेटर मागच्या दाराने गेलाच समजा. अशी दहा गळती झाली की पूल रिकामा. सकाळी साइट ठीक, दुपारी मंद, संध्याकाळी बंद आणि रीस्टार्ट केल्यावर पुन्हा ठीक, असं होत असेल तर आधी गळती शोधायला सांगा.

डेव्हलपरला विचारायचे सात प्रश्न

हे प्रश्न असेच्या असे पाठवा. उत्तरं लेखी घ्या.

१. आपल्या डेटाबेसची कनेक्शन मर्यादा किती आणि आजवर एका वेळी जास्तीत जास्त किती वापरली गेली? (मायएसक्यूएल हा उच्चांक स्वतः नोंदवून ठेवतो, त्यामुळे "माहीत नाही" हे उत्तर चालणार नाही.)

२. पूल आहे का? किती कनेक्शन्सचा? आणि हाच आकडा का निवडला?

३. ॲपच्या जास्तीत जास्त किती प्रती चालू शकतात? गुणिले पूल, मर्यादेच्या आत बसतं का? बॅकअप आणि ॲडमिनसाठी थोडी जागा राखली आहे का?

४. पेमेंट गेटवे, एसएमएस, ईमेल यांची वाट बघताना डेटाबेसचं कनेक्शन धरून ठेवलेलं असतं का?

५. मोकळं कनेक्शन नसेल तर गिऱ्हाईक किती सेकंद थांबतो आणि शेवटी त्याला काय दिसतं?

६. सगळ्यात हळू चालणारे पाच प्रश्न कोणते आणि त्यांना किती वेळ लागतो?

७. सेकंदाला १०० विनंत्यांची चाचणी घेतली आहे का?

चांगला डेव्हलपर या प्रश्नांनी चिडत नाही, खूश होतो. गोंधळला तर तेही आजच कळलेलं बरं, २ ऑगस्टला सकाळी कळण्यापेक्षा.

रंगीत तालीम कधी?

सिंहस्थापर्यंत थांबू नका. दिवाळीच्या ऑर्डर्स असतील, द्राक्षांचा हंगाम असेल, येवल्याच्या पैठणीची लग्नसराई असेल, प्रत्येक छोटी लाट म्हणजे तालीम.

पहिल्या आठवड्यात फक्त आकडे गोळा करा, सात प्रश्नांची उत्तरं घ्या. दुसऱ्या आठवड्यात पेमेंटचं काम तीन तुकड्यांत करून घ्या आणि हळू चालणारे प्रश्न सुधारा. तिसऱ्या आठवड्यात पूल आणि टाइमआउट लावा. चौथ्या आठवड्यात साइटची हुबेहूब प्रत बनवून तिच्यावर कृत्रिम गर्दी सोडा. के-सिक्स, जेमीटर, लोकस्ट ही साधनं त्यासाठी मोफत मिळतात. चालू साइटवर किंवा शेअर्ड होस्टिंगवर न विचारता असा मारा करू नका, होस्टिंगवाला खातं बंद करू शकतो. गेटवेही चाचणीच्या मोडवर ठेवा.

तालमीत तीन आकडे बघा: कनेक्शनसाठी किती वेळ थांबावं लागलं, किती विनंत्या नाकारल्या गेल्या आणि पान उघडायला किती वेळ लागला. आधी ५० ची गर्दी, मग १००, मग २००. साइट कुठे दमते तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. मग मेसेज पाठवताना पाच हजार लोकांना एकदम पाठवू नका, दर दहा मिनिटांनी पाचशे-पाचशेंना पाठवा. हा उपाय शून्य रुपयांचा आहे आणि मालकाच्या हातातला आहे. गर्दी टप्प्याटप्प्याने सोडणं म्हणजे हेच.

मित्रांनो, आपल्याकडे म्हणतात, तहान लागल्यावर विहीर खणू नये. जाहिरातीवर पन्नास हजार खर्च करून गर्दी आणायची आणि दारात ती परत पाठवायची, हा तोट्याचाच धंदा. आधी दार नीट करा, मग ढोल वाजवा. आजच ते सात प्रश्न डेव्हलपरला पाठवा. पुढच्या भागात या चाचणीचे आकडे कसे वाचायचे ते पडद्यावर एक-एक करून बघू.

भेटू लवकरच. धंदा वाढू द्या, आणि वाढलेला धंदा पेलू द्या!